वासट वेलीचं माहेर

माझा मामा घरं रंगवायचा. लग्न केलं नव्हतं, भाड्याच्या एका खोलीत राहायचा आणि बोलायचा कमी, शीळ जास्त घालायचा. एकदा जिन्यातलं छत रंगवताना शिडी सरकली आणि पायाचं हाड मोडलं. प्लास्टर घालून त्याला आमच्याकडे आणलं आणि मागच्या खोलीत ठेवलं. तिचं दार परसात उघडतं. परस कसलं, कपड्यांची दोरी, एक फुटकी टाकी आणि मामाचेच रंगाचे रिकामे डबे.

"आता शिडीचं नाव काढायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं, आणि त्याची शीळ बंद झाली. दारात खुर्ची टाकून तो समोरच्या भिंतीकडे बघत बसायचा. आईला ते बघवत नसे. ती लॉन्ड्रीत इस्त्रीवर होती. दुपारी घरी आली की कारण नसताना भांडी आपटायची.

अशाच एका दुपारी ते आलं. मी मामाजवळ अभ्यासाला बसले होते. तळहाताएवढं काळं फुलपाखरू भिंतीवरून तरंगत खाली उतरलं आणि त्याच्या प्लास्टरवर बसलं. पंख सावकाश मिटले, सावकाश उघडले. जरासं उन्हाकडे वळलं तसा तो काळा रंग निळा झाला. निळा तरी कसा म्हणू? पाण्याखाली डोळे उघडून वर बघावं, तसं काहीतरी. आम्ही श्वास रोखून बसलो. ते उडून गेल्यावरही मामा प्लास्टरकडेच बघत होता.

"जन्मभर रंग कालवले," तो म्हणाला. "हा काही मला जमला नसता."

दुसऱ्या दिवशी त्याने डब्यांच्या बुडांना खिळ्याने भोकं पाडायला घेतली. मी रोपं आणून दिली. त्याने बसल्या जागी फुलं लावली, एका ताटलीत चिखल केला आणि त्यात चिमूटभर मीठ टाकलं, फुलपाखरांना ते आवडतं म्हणून. पांढरी आली, पिवळी आली. परसात दिवसभर काहीतरी हलत असायचं, आणि त्याच्याकडे बघता बघता मामाचा डोळा लागायचा. पण ते काळं काही आलं नाही.

रोपवाटिकेतल्या बाई माती टाकायला आल्या तेव्हा त्याने त्यांना विचारलं.

"ते हल्ली दिसत नाही हो," त्या म्हणाल्या. "पूर्वी नदीकाठाला असायचं."

"एवढी फुलं लावली की."

"फुलं म्हणजे खानावळ. जेवतात आणि जातात. बाळंतपणाला माहेर लागतं. त्याच्या अळ्या एकाच वेलीची पानं खातात, आणि त्या वेलीला असा वास येतो की लोक दिसली की उपटतात."

आई ओट्याशी उभी होती. तिथूनच म्हणाली, "बर्फाच्या जुन्या कारखान्यामागे आहे तसली. नाक धरून जावं लागतं."

दोन दिवसांनी ती लॉन्ड्रीच्या पिशवीत मुळासकट वेल घेऊन आली. पिशवी मामाच्या पुढ्यात ठेवली आणि हात धुवायला निघून गेली.

वेल लागली, भिंतीवर चढली, स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत पोचली. आई खिडकी लावून स्वयंपाक करायची आणि कुरकुरायची, पण वेलीला हात लावायची नाही. पावसाळा गेला. प्लास्टर निघालं, तरी मामा खुर्ची सोडेना. पाय टेकवला की ठणकतो म्हणायचा. आम्हाला वाटायचं, त्याला भीती वाटतेय.

मग एका सकाळी पानांवर अळ्या दिसल्या. काळपट, अंगभर नारिंगी गाठी, दिसायला अगदी भयंकर. ते कधी आलं, अंडी कधी घालून गेलं, आमच्यापैकी कुणालाच कळलं नव्हतं. बघता बघता वेलीचे नुसते देठ उरले आणि अळ्या भिंतभर फिरू लागल्या.

"उपाशी आहेत गं," मामा आईला म्हणाला. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

आई रोज कामावर जायच्या आधी कारखान्यामागे जाऊ लागली. पदरात पानं घेऊन यायची आणि देठांवर पसरायची. "या वयात कुणाची बाळंतपणं काढतेय मी," म्हणायची, आणि एखादी अळी खाली पडली असली तर पानाने अलगद उचलून वर ठेवायची.

पुढे अळ्या दिसेनाशा झाल्या. कुणी भिंतीवर कोष केला, कुणी दोरीच्या खांबाला. एकीने मामाच्या खुर्चीच्या पाठीला रेशमाचा बारीक धागा बांधला आणि त्यात टेकून राहिली. सकाळी मामाला ती दिसली. एका पायावर लंगडत आलेला तो दारातच थबकला. बसावं तर खुर्ची हलणार.

"दुसरी खुर्ची आणू?" मी विचारलं.

"नको," तो म्हणाला. भिंतीला हात लावून दुखरा पाय टेकवला, एक पाऊल टाकलं, मग दुसरं. आई कपडे वाळत घालत होती. तिने बघितलं आणि पाठ फिरवली. ओला टॉवेल कितीतरी वेळ झटकत राहिली.

कोष उकलला तेव्हा मामा त्या खुर्चीशेजारी उभा होता. आतून काहीतरी ओलं, चुरगळलेलं बाहेर आलं आणि लोंबत राहिलं. पंख हळूहळू भरत गेले, सुकत गेले. ऊन भिंतीवरून उतरून खुर्चीपर्यंत आलं आणि तो रंग उजळला. फुलपाखरू उडालं, दोरीवरच्या पांढऱ्या चादरींमधून वाट काढत वर गेलं, आणि आम्ही तिघं आकाशाकडे बघत राहिलो.

नंतर मामा रंगाच्या दुकानात लागला. गिऱ्हाईक सांगेल ती छटा कालवून द्यायची, बसून करायचं काम. राहतो मात्र आमच्याकडेच. फुलपाखरं काही वर्षी येतात, काही वर्षी येत नाहीत. गेल्या वर्षी एकही आलं नाही. पानं खायला कुणी नव्हतं, तेव्हा वेलीने अख्खी खिडकी झाकून टाकली.

"छाटू का थोडी?" मामाने विचारलं.

"राहू दे," आई म्हणाली. "दिवा लावून करीन स्वयंपाक."