काका कुणाबद्दल वाईट बोलत नाहीत

आमच्या चर्चच्या मंडळीत एका माणसाची ख्याती अशी, की त्यांच्या तोंडून कुणाबद्दल कधी वाईट शब्द निघाला नाही. त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे, म्हणून सगळे त्यांना चष्मेवाले काका म्हणतात. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधणाऱ्या माणसाने धंदाही डोळ्यांचाच निवडावा, यावर मी पुष्कळ विनोद केले आहेत. ते सगळे घरातल्या घरात, आणि बायको आता त्यांना हसतही नाही.

मी विजेची कामं करतो. चर्चचा माइक आणि स्पीकर माझ्या ताब्यात असतात. मागच्या खांबाजवळ माझं टेबल, टेबलावर बटणांची पेटी. तिथे बसून उपदेश फारसा डोक्यात शिरत नाही, पण माणसं छान दिसतात. कोण कुणाशेजारी बसायचं टाळतं, गाण्याच्या वेळी कोण नुसतेच ओठ हलवतं, हे पाळकांपेक्षा मला जास्त ठाऊक. आता मी जे सांगणार आहे त्याला वाईट बोलणं म्हणतात, हे मला माहीत आहे. माझी ख्याती मुळातच बेताची, त्यामुळे माझं काही बिघडत नाही.

काका उंच, शिडशिडीत, गळ्यापर्यंत बटण लावलेला पांढरा शर्ट, आवाज लोण्यासारखा मऊ. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम ठेवतील तीसुद्धा आशीर्वाद दिल्यासारखी. पाळक दर काही वर्षांनी बदलतात, काका मात्र जागचे हलत नाहीत. म्हणून मंडळीत कुणाला मुलगी द्यायची असो, कुणाला खोली भाड्याने द्यायची असो की कामावर ठेवायचं असो, लोक आधी त्या दुकानात जाऊन यायचे. काका शांतपणे ऐकून घ्यायचे. मग म्हणायचे, "मी कुणाबद्दल वाईट बोलत नाही." मग स्वतःचा चष्मा काढायचा, मऊ फडक्याने पुसायचा, बराच वेळ पुसायचा, आणि सुस्कारा सोडून म्हणायचं, "त्यांच्यासाठी प्रार्थना करा."

संपलं. विचारायला आलेला माणूस खुर्चीवरून उठायचा तो घाम पुसतच. जो माणूस कुणाबद्दल वाईट बोलत नाही तो गप्प बसला, म्हणजे केवढं मोठं प्रकरण असेल! उठताबसता शिव्या घालणाऱ्याचं लोक निम्मं सोडून देतात. काकांचं मौन मात्र सोळा आणे खरं. एका सुताराचं जमलेलं लग्न असंच मोडलं. पुढे त्या सुतारासाठी घरोघरी इतकी कळकळून प्रार्थना झाली, की बिचारा वस्ती सोडून गेला. प्रार्थनेत ताकद असते, यावर माझा विश्वास आहे.

आमच्या गल्लीत एक सिस्टर राहतात. सिस्टर म्हणजे दवाखान्यातल्या नर्स. वय चाळिशीकडे झुकलेलं, लग्न केलं नाही, म्हातारी आई सोबत. छापखान्याच्या वर एक खोली, तिला उभा जिना. आईचे गुडघे गेलेले, त्यामुळे म्हातारी महिनोन् महिने खाली उतरत नसे. त्यात घरमालकाने खोली खाली करायला सांगितली. त्याच सुमारास मंडळीच्या वृद्धाश्रमाला मेट्रन हवी होती. पगार असातसाच, पण राहायला तळमजल्यावर दोन खोल्या, आणि दाराबाहेर लगेच बाग. सिस्टरनी अर्ज केला. त्यांच्याइतकं लायक माणूस दुसरं कुणी नव्हतंच. वृद्धाश्रमाच्या कमिटीचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर, स्वतः तसं म्हणाले. मग म्हणाले, नुसती रीत म्हणून काकांच्या कानावर घालू.

इथे मधली एक गोष्ट सांगायला हवी. काही महिन्यांपूर्वी सिस्टरनी आईचा चष्मा काकांकडून करून घेतला होता. तो लावल्यापासून म्हातारी दाराच्या चौकटीला धडकायला लागली. सिस्टर चष्मा घेऊन दुकानात गेल्या तेव्हा मी तिथेच होतो, स्टुलावर चढून ट्यूब बदलत होतो. दुकानात गर्दी होती. सिस्टर सरळ म्हणाल्या की काका, नंबर चुकलाय. काका म्हणाले, नव्या चष्म्याची सवय व्हायला वेळ लागतो. त्यावर सिस्टरनी तो चष्मा स्वतःच्या हाताने दुकानातल्याच नंबर मोजायच्या यंत्रात ठेवला, एका गिऱ्हाइकाला आकडा वाचायला लावला, मग डॉक्टरांनी दिलेला नंबरचा कागद पुढे ठेवला. भांडल्या नाहीत, आवाज चढवला नाही, पण सगळ्यांना दिसलं. काकांनी हसून काचा बदलून दिल्या. सिस्टरबद्दल अवाक्षर काढलं नाही. मी स्टुलावरून बघत होतो, आणि ते हसू मला बिलकूल आवडलं नाही.

तर कमिटी दुकानात गेली. काकांनी चष्मा काढला, पुसला, सुस्कारा सोडला.

त्या बुधवारी एका घरच्या प्रार्थनासभेत कुणीतरी सुचवलं की सिस्टरसाठी प्रार्थना करू या. कशासाठी, ते कुणी विचारलं नाही. विचारणं बरं दिसत नाही. पुढच्या बुधवारी दुसऱ्या घरात त्या 'परीक्षेतून' जात होत्या. त्यापुढच्या घरात 'मोहातून'. मग कुणीतरी डोळे मिटूनच औषधांचा उल्लेख केला, कारण नर्स म्हटल्यावर मोह आणखी कसला असणार. आग असल्याशिवाय धूर निघत नाही, असं म्हणणारे तर प्रत्येक घरात दोन असतात. सभेला दवाखान्यातल्या डॉक्टरांची बायकोही येते. आठवड्याभरात सिस्टरकडून औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या काढून घेतल्या, त्यांच्यावर फार ताण पडतो म्हणून. कमिटीने निर्णय पुढे ढकलला, देवाची इच्छा स्पष्ट होईपर्यंत. घरमालकाची इच्छा मात्र अगदी स्पष्ट होती. महिनाअखेर खोली रिकामी हवी.

सिस्टर आमच्याकडे आल्या आणि बायकोला म्हणाल्या, वहिनी, लोक मला हात धरून धीर देताहेत, मला झालंय तरी काय? बायको माझ्याकडे बघायला लागली. माझं डोकं सणकलं. तसाच उठलो आणि दुकानात जाऊन काकांना विचारलं, सिस्टरनी केलंय काय ते सांगा.

"मी काही बोललो का?" काका म्हणाले.

नव्हते बोलले. यानेच तर माझी तळपायाची आग मस्तकात गेली. खोटी साक्ष देऊ नकोस अशी आज्ञा आहे, आणि काकांनी ती मोडली असं कुणाच्याने म्हणवणार नाही. त्यांनी साक्षच दिली नव्हती. देव माणसाला चांगलं नाव देतो ते दुसऱ्याच्याही कामी यावं म्हणून, एवढं तरी मला कळतं. काकांनी आपलं नाव कपाटातल्या चांगल्या कपबशांसारखं जपलं. रोज पुसायचं, आल्यागेल्याला काचेतून दाखवायचं, आणि त्यातून कुणाला घोटभर चहा द्यायचा नाही. त्यांच्या एका शब्दावर त्या म्हातारीला तळमजला मिळाला असता.

मी पाळकांना गाठलं. पाळक तरुण आहेत, स्वभावाने चांगले, आणि म्हणूनच फारसे उपयोगाचे नाहीत. त्यांनी पुढच्या रविवारी जिभेवर ताबा ठेवण्याविषयी उपदेश केला. सगळ्या मंडळीने वळून बेकरीवाल्या मावशींकडे पाहिलं, कारण त्या मोठ्याने बोलतात. मान सगळ्यात जास्त कोण डोलवत होतं, ते सांगायला नकोच.

उपदेशानंतर प्रार्थनेच्या विनंत्या होतात. ज्याला काही सांगायचं असेल त्याने हात वर करायचा आणि मी वायर ओढत माइक न्यायचा. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची परीक्षा. मग सिस्टरनी हात वर केला. मी जवळजवळ धावलोच.

"तुम्ही सगळे इतके दिवस माझ्यासाठी प्रार्थना करताय, मी आभारी आहे," त्या म्हणाल्या. "फक्त ती कशासाठी, ते कुणी सांगितलं तर मलाही करता येईल."

माइकमधून सिस्टरचा श्वास ऐकू येत होता. टेबलाजवळ जाऊन आवाज कमी करणं माझं काम होतं, पण मी गेलो नाही. शेवटी अध्यक्षांनी घसा खाकरला आणि काकांकडे बघितलं. मग सगळ्यांनीच बघितलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, तरी मी माइक नेऊन काकांच्या हातात दिला.

काका उठले. ते कुणाबद्दल वाईट बोलत नाहीत, असं त्यांनी सांगितलं.

"मग चांगलं बोला ना, काका," सिस्टर माइकशिवायच म्हणाल्या. "खोटं नको. तुम्हाला माहीत असेल तेवढंच."

काकांचा हात चष्म्याकडे गेला, पण दुसऱ्या हातात माइक होता, पुसणार कसा? त्यांनी तोंड उघडलं. अगदी जवळ होतो म्हणून सांगतो, त्यांनी प्रयत्न केला. एवढ्या वर्षांच्या सवयीचा माणूस, त्याला शब्द सापडेना. "आपण प्रार्थना करू या," असं म्हणून ते खाली बसायला लागले.

तेवढ्यात शेजारी बसलेल्या काकूंनी त्यांच्या हातातून माइक काढून घेतला. काकूंचा आवाज त्याआधी मंडळीत कुणी ऐकला असेल तर तो गाण्यात.

"माझी आई शेवटी आमच्याकडे होती," काकू म्हणाल्या. "वास येतो म्हणून हे तिच्या खोलीत पाऊल टाकत नव्हते. ही पोरगी कामावरून सुटली की यायची. आईला पुसायची, कूस बदलून द्यायची, केस विंचरायची. कुणी बोलावलं नव्हतं तिला. यांनी रोज बघितलंय ते. हे कुणाबद्दल वाईट बोलत नाहीत, ते खरंच आहे. चांगलंही बोलत नाहीत. लग्न झाल्यापासून मी वाट बघतेय."

त्यांनी माइक काकांना परत दिला नाही, माझ्या हातात दिला. माझे डोळे भरून आले होते, ते कुणाला दिसू नयेत म्हणून मी वायरीची गाठ सोडवत बसलो.

उपासना संपल्यावर दारातच कमिटी जमली आणि देवाची इच्छा दोन मिनिटांत स्पष्ट झाली. डॉक्टरांच्या बायकोने किल्ल्यांचं काहीतरी पुटपुटलं. ज्यांनी ज्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली होती ते सगळे सिस्टरना सांगायला आले, की आमचा तर यावर कधी विश्वासच नव्हता. सिस्टरनी कुणाला काही सुनावलं नाही. मी असतो तर सोडलं नसतं. त्यांनी अध्यक्षांना एवढंच विचारलं की सामान केव्हा आणू, आणि जिना उतरताना आईला धरायला दोन माणसं मिळतील का. काकू म्हणाल्या, मी येते.

चर्च रिकामं झालं. काका अजून बाकावरच होते. मी वायर गुंडाळायला लागलो तसे उठून माझ्याजवळ आले, पेटीवरच्या बटणांकडे वाकून बघितलं.

"बंद आहे ना?" त्यांनी विचारलं.

मी बंद आहे म्हटलं.

"तशी बाई फार चांगली आहे हो," काका हळू आवाजात म्हणाले. "सासूबाई शेवटी कुणाला ओळखत नव्हत्या. मी दारात उभा राहिलो तर तोंड फिरवायच्या. ही आली की मात्र हसायच्या. मी बाहेरच्या खोलीतून ऐकायचो ते हसू. अशी माणसं मिळत नाहीत."

माझ्या हातातली वायर तशीच राहिली. मी म्हटलं, "काका, अहो, हेच मघाशी बोलायचं होतं."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मलाच काही समजत नाही.

"मघाशी सगळे ऐकत होते ना," ते म्हणाले.