पुश, पुल आणि कुंदाचे व्हायचे सासरे

माझी शाळा चौथीला सुटली आणि अक्षर बहुधा दुसरीतच राहिले. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर पोटात घालावे. इंग्रजीच्या दोन शब्दांनी माझ्या नणंदेचे जुळत आलेले लग्न मोडायला आणले, त्याची ही हकिकत.

हिंगणघाटला आमचे कापडाचे दुकान. यांनी (म्हणजे माझ्या नवऱ्याने) एसी बसवला, आणि एसीसाठी काचेचे दार. दारावर इंग्रजी पट्ट्या लावल्या. बाहेरून ‘पुश’, आतून ‘पुल’. खेड्यावरची गिऱ्हाइके चपला काढून काचेतून आमच्याकडे पाहत, आम्ही त्यांच्याकडे. दार कोणी उघडेना!

"वयनी, तू दाराजवळ बसत जा," दहावी झालेली नणंद कुंदा म्हणाली. "पुश म्हंजे ढकल, पुल म्हंजे ओढ. एकमेकाच्या उलट हायेत, घोटाळा नोको करू."

मी घरी सराव केला. कपाट पुल, सासूबाईंचा झोपाळा पुश. (सासूबाई दोनदा ओरडल्या.)

पुढे कारंज्याचे पाहुणे कुंदाचे पक्के करायला आले. मुलाचे वडील रिटायर मास्तर. त्यांना आधी दुकान पाहायचे होते.

"पाहुण्याले दाराले हात लावायचं काम नाई पडलं पाह्यजे," हे मला म्हणाले. "तूच उघडजो."

मोठ्या माणसासमोर मी पदर नाकापर्यंत ओढते. त्यामुळे मला दिसली फक्त जमीन, आणि काचेपलीकडे दोन पायमोजे. मास्तरांच्या हातात पेढे आणि नारळ. त्यांनी ‘पुश’ वाचले आणि खांदा लावून जोर केला. त्याच क्षणी मी ‘पुल’ आठवून दोन्ही हातांनी हिसका दिला.

दोघांचेही इंग्रजी अगदी बरोबर होते.

मास्तर माझ्या बाजूने थेट टॉवेलांच्या ढिगात गेले. नारळ काउंटरखाली, पेढे साड्यांवर, चष्मा त्यांच्याच अंगाखाली!

"काऊन हो, एवढी कायची घाई?" त्यांच्या बायकोने बाहेरूनच विचारले.

"लागलं का काकाजी?" हे धावले.

"लागलं नाई," मास्तर टॉवेल बाजूला करत म्हणाले. "घरी जाऊन कळवतो."

‘कळवतो’ म्हणजे काय ते सगळ्यांना कळले. चहाचा ट्रे घेऊन उभ्या कुंदाचे डोळे भरले. "वयनी, म्या तुले शिकवलंच काऊन!"

मी परक्या पुरुषाशी कधी बोलले नव्हते. त्या दिवशी पदराआडून बोलले. "काकाजी, तुमी पुश केलं, मी पुल केलं. उलटे शब्द हायेत, पन दार एकाच बाजूले गेलं. यात कुंदाची काय चूक?"

मास्तरांनी तडकलेला चष्मा डोळ्यांना लावला. एकदा बाहेरची पट्टी वाचली, एकदा आतली. मग टॉवेलांतच बसून पोट धरून हसले. "बरोबर हाय! पूर्ण मार्क. आना चहा!"

लग्न झाले. त्या धावपळीत चष्म्याचे पैसे राहून गेले. कुंदाला दिवाळीला माहेरी सोडायला मास्तर आले, तेव्हा यांनी ते सगळे एकरकमी हातात ठेवले. मास्तरांनी नोटा खिशात घातल्या आणि यांना बाजूला घेऊन हळूच विचारले,

"कुंदाच्या वयनीले आनखी इंग्रजी शिकवून नाई ना राह्यले?"