निम्म्यात मिटवलेलं कर्ज

सोफेवाला माझ्याहून पुष्कळ मोठा, तरी मित्र. आमच्या खोलीखाली त्याचं जुन्या फर्निचरचं दुकान होतं. मी साहित्यात एम.ए. केलं म्हणून तो मला 'प्रोफेसर' म्हणायचा. नोकरी नव्हती, त्यामुळे दिवसभर मी त्याच्या विकायच्या खुर्चीत बसायचो.

"सांभाळून बस, लेका. गिऱ्हाईक आलं की उठायचं."

घासाघीस त्याच्या हाडीमाशी खिळली होती. सांगितलेला भाव त्याने जन्मात दिला नाही. कपाट विकत घ्यायला गेला की दार उघडून आधी नाक मुरडायचा.

"लग्नाआधी मलाही असंच पाहिलं होतं," वहिनी म्हणायच्या.

"आणि तरी फसलो," तो म्हणायचा.

मग त्याच्या पायाचं ऑपरेशन झालं. दुकान बंद राहिलं, बँकेच्या कर्जाचे हप्ते थकले. वसुलीवाला दुकानासमोर मोटरसायकल लावून बसू लागला. "साहेब आहेत की लपलेत?" असं वहिनींना मोठ्याने विचारायचा. शेजारी ऐकायचे.

त्यातच जागेचा मालक आला. "गाळा विकतोय. तू जुना भाडेकरू, म्हणून आधी तुला विचारतो. उन्हाळ्यापर्यंत थांबेन."

गाळा घ्यायला नवं कर्ज हवं होतं. त्यासाठी जुनं मिटायला हवं होतं. वहिनींनी बांगड्या काढून दिल्या. विकून आलेल्या पैशांत जुनं कर्ज पूर्ण फिटलं असतं. पण मग गाळ्याच्या बयाण्याला काही उरलं नसतं.

त्याने वसुलीवाल्याला चहा पाजला.

"निम्म्यात मिटव."

"काका, बँक आहे ही. भाजी नाही."

"अरे, पडून राहिलेल्या मालाचा भाव उतरतो. मला शिकवतोस? आज रोख देतो, नाहीतर पुन्हा घाल खेपा."

वसुलीवाला बाहेर जाऊन फोन करायचा, परत यायचा. दिवे लागले तेव्हा तो निम्म्याच्याही खाली आला. बँकेचं पत्र आलं, पैसे भरले. सोफेवाल्याने माझ्या पाठीत धपाटा घातला. "प्रोफेसर, हे पुस्तकात नसतं."

नव्या कर्जाला मी त्याच्याबरोबर गेलो. बँकेतल्या बाईंनी स्क्रीन बराच वेळ पाहिली.

"कर्ज पूर्ण फेडलेलं नाही तुम्ही."

"मिटवलंय. पत्र आहे."

"मिटवलंय, पण कमी पैशांत. रेकॉर्डवर तसाच शेरा आहे. बँकेला तोटा झाला, असं कुठलीही बँक वाचणार. हे वर्षानुवर्षं दिसतं."

"तुमच्याच माणसाने कबूल केलं ना?"

"वसुली त्याचं काम. तुमची कर्जाची पत, म्हणजे स्कोअर, सांभाळणं नाही."

त्याने पत्राची घडी घातली. मग हळूच म्हणाला, "राहिलेले आता भरतो. सगळे. एक पैसा कमी करा म्हणणार नाही."

असं बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"भरा. शेरा बदलेल. पण थकलेले हप्ते दिसतच राहतील. लहानशी ठेव ठेवून तिच्यावर क्रेडिट कार्ड घ्या, दर महिन्याला वेळेवर फेडा. एक-दोन वर्षांत विचार करू."

"उन्हाळ्याआधी काही?"

बाईंनी नकारार्थी मान हलवली. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी त्याला पाणी दिलं.

बयाण्याचे पैसे त्याने बँकेत भरले. नाहीतर पुढे आमच्या मुलीच्या शिक्षणाच्या कर्जालाही कुणी दारात उभं केलं नसतं, असं वहिनी म्हणाल्या. त्यांच्या हातात आता काचेच्या बांगड्या होत्या. मालक उन्हाळ्यापर्यंत थांबला, शब्दाप्रमाणे. मग गाळा मोबाईलवाल्याने घेतला. माल पडेल त्या भावात गेला.

आता सोफेवाला मोठ्या शोरूममध्ये टेम्पोतून सोफे उतरवतो. पाय ओढतो. कार्डावर महिन्याचं तेल-साखर घेतो आणि तारखेच्या आधी पैसे भरतो. स्कोअर मीच बघून सांगतो. त्याला चष्म्याशिवाय दिसत नाही, आणि कामावर चष्मा नेत नाही.

परवा शोरूमवर भेटायला गेलो.

"वाढला का?"

"वाढला."

"बराच?"

"थोडा."

"बरं झालं," तो म्हणाला. आतून कुणीतरी ओरडलं, "ओ म्हातारबा, टेम्पो अडलाय!" तो वळला आणि सोफ्याच्या एका टोकाखाली खांदा घातला.