कागदावर नसलेली खोली

रामटेके काका गेल्याचा निरोप आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी लावत होते. त्यांच्या मुलाचा, निखिलचा मेसेज होता. पहाटे हॉस्पिटलमध्ये हृदय थांबलं, एवढंच. बाहेर आमच्या बॉथेल गावातली नेहमीची पावसाची रिपरिप चालू होती. मी सकाळची मीटिंग कॅन्सल केली आणि गाडीतच बसून राहिले. खरं सांगायचं तर आधी दुःख झालंच नाही, थकवा आला. काकांनी माझ्याकडून गप्प राहण्याचं एक वचन घेतलं होतं, आणि आता ते एकटीनं किती दिवस सांभाळायचं, हाच विचार पहिल्यांदा मनात आला. त्याची मला अजून लाज वाटते. या गोष्टीला आता पाच महिने होतील.

काका नागपूरचे. भूमापन कार्यालयात सगळी नोकरी झाली. काकू गेल्यावर निखिलनं त्यांना सातासमुद्रापार इकडे आणलं. इथे त्यांच्या वयाची माणसं नातवंडं सांभाळतात नाहीतर मॉलमध्ये फेऱ्या मारतात, काकांनी लोकांच्या घरांचे कागद वाचायला घेतले. आमची ओळख आंबेडकर जयंतीच्या कार्यक्रमात झाली. मी आणि माझा नवरा समीर तेव्हा घर शोधत होतो. तीन ऑफर हुकल्या होत्या, चौथं घर जवळजवळ हातात आलं होतं, आणि मी दिसेल त्याला त्या घराच्या काचेच्या खोलीचं कौतुक ऐकवत होते. काकांनी ताटातली भाजी शांतपणे संपवली आणि पत्ता विचारला. "टायटल कंपनी मालक कोण ते सांगते, बेटा. मालकानं सिटीला, म्हणजे इथल्या नगरपालिकेला, न विचारता काय बांधलं, ते नाही सांगत. ते दुसऱ्या कपाटात राहते."

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. ती काचेची खोली बिनपरवानगीची होती, आणि तिच्या खालून शेजारच्या घरांची सांडपाण्याची लाइन जात होती. आम्ही घर सोडलं. मी आठवडाभर काकांवर धुमसत होते, नागपूरच्या म्हाताऱ्याला इथलं काय कळतं, असंही समीरला बोलून गेले. पुढे ज्यांनी ते घर घेतलं त्यांना ती खोली पाडावी लागली. तेव्हा कानाला खडा लावला, काकांनी बघितल्याशिवाय कुठेही सही करायची नाही. मग आमचं घर झालं, आमच्या ओळखीतल्या कितीतरी जणांची झाली. बोलायच्या इंग्रजीला काका बिचकत, दुकानात माझ्या मागे उभे राहत, पण बांधकामाच्या परमिटचा कागद समोर आला की चष्मा नाकावर घसरवून सगळ्यात जुन्या पानापासून सुरुवात करत. मी शेजारी बसून शिकत गेले. चुकले की बोलणी खात असे.

एवढं का करता, असं मी एकदा विचारलं. त्यांच्या लहानपणी वडिलांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं घर एका सकाळी सरकारी माणसांनी येऊन पाडलं होतं. वस्तीतल्या कुणाकडेच कागद नव्हता. आई चूल पेटवून बसली होती, ती तशीच विझवून बाहेर आली… हे त्यांनी अगदी सपाट आवाजात सांगितलं. "कागद नसला की माणूस आपल्याच घरात पाहुणा असते," ते म्हणाले, आणि पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

तीन वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांनी मला चहाला बोलावलं. निखिल आणि त्याची बायको पल्लवी कामावर गेले होते. काकांची खोली तळघरात. निखिलनं ती त्यांच्यासाठी हौसेनं रंगवलेली, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली पुस्तकं. काकांनी सिटीच्या वेबसाइटवरचा घराचा नकाशा माझ्यापुढे केला. जिथे आम्ही चहा पीत होतो तिथे स्टोरेज लिहिलं होतं. आधीच्या मालकानं परमिट न घेताच ती खोली बेडरूम करून घेतली होती. खिडकी इतकी उंच आणि अरुंद की आग लागली तर तिच्यातून माणूस बाहेर पडणार नाही. निखिलनं घर घेतलं तेव्हा बाजार तापलेला होता, काहीही न तपासता ऑफर द्यावी लागली होती, आणि काका तेव्हा नागपुरात होते. "दिव्याखाली अंधार, बेटा," म्हणून ते हसले. मला हसू आलं नाही. निखिलला आजच सांगू, असा मी हट्ट धरला. ते म्हणाले, "त्यानं बापासाठी खोली केली. ती खोलीच नाही, असं मी काहून सांगू? तू पण नको सांगू."

मी ऐकलं. नंतर त्यांनी खिडकीखाली एक स्टूल आणून ठेवलं. गुडघे दुखणाऱ्या माणसाचं स्टूल! मी चिडले की ते म्हणत, चढता येते, पुढचं पुढे पाहू. कुठे आग लागल्याची बातमी आली की मी काहीतरी निमित्त काढून त्यांना फोन करत असे. दर वेळी वाटे, आज निखिलला सांगून टाकावं. आणि दर वेळी ते राहून जाई.

ते गेल्यावर दोन महिन्यांनी पल्लवीला दुसऱ्या राज्यात, फ्रिस्कोत नोकरी मिळाली आणि घर विकायचं ठरलं. विकणाऱ्यानं घराबद्दल ठाऊक असलेलं सगळं लिहून द्यायचा एक फॉर्म असतो. तो भरायला निखिलनं मलाच बोलावलं, कारण काकांच्या हाताखाली शिकलेली मीच. परमिटशिवाय काही बदल झालेत का, या प्रश्नाशी आम्ही आलो, आणि मी सगळं सांगितलं. त्यानं पेन खाली ठेवलं. मग विचारलं, "तीन वर्षं, ताई?" मी कारणं देत राहिले, वचन, काकांचा स्वभाव, त्याला वाईट वाटलं असतं… सगळी खरी होती, आणि तरी त्याच्या डोळ्याला डोळा भिडवता येईना. तो वरच्या मजल्यावर झोपत होता आणि बाबा खाली, हेच तो पुन्हा पुन्हा बोलत राहिला. पुढचे काही दिवस त्यानं माझा फोन उचलला नाही.

मग त्यानंच फोन केला. एजंटचं म्हणणं होतं की त्यात काही विशेष नाही, तीन बेडरूम आणि एक स्टोरेज असं लिहून आहे तसं घर विकून टाकावं. "बाबा माझ्या स्टोरेजमध्ये राहत होते, असं मी लिहून देऊ?" निखिलनं मला विचारलं.

त्यानं परमिटचा अर्ज केला. तळघराची भिंत कापून मोठी खिडकी बसवली, बाहेर माती खणून वर चढायला पायऱ्या केल्या. पल्लवी पुढे फ्रिस्कोला गेली, हा मागे राहिला. सिटीचा इन्स्पेक्टर काम तपासायला येणार त्या सकाळी त्यानं मला बोलावलं. आमचं बोलणं अजून पूर्वीसारखं नव्हतं, आम्ही खोलीच्या दोन कडांना उभे होतो. काकांचा पलंग तसाच होता, तसबिरीही हलवल्या नव्हत्या. इन्स्पेक्टरनं टेप लावून खिडकी मोजली, उघडून पाहिली, आणि सहजच विचारलं, इथे कोण झोपतं?

"माय डॅड," निखिल म्हणाला.

इन्स्पेक्टरनं मान डोलावली आणि परमिटच्या कार्डावर सही केली. संध्याकाळी घरी येऊन मी सिटीच्या वेबसाइटवर तो पत्ता टाकला. तळघर, बेडरूम एक, मंजूर.