आतेच्या गुडघ्याचे मार्क

माझ्या आतेला घडवताना देव 'थांब' हा शब्द घालायचा विसरला, असं माझी पन्नाशी उलटली तरी मला वाटतं. तिच्याकडे दूध कधी धड तापलं नाही, फणस कधी झाडावर पिकला नाही आणि समोरच्याचं वाक्य कधी पूर्ण झालं नाही. मालवणातल्या शाळेत ती आयुष्यभर शिकवत होती. प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच द्यायची आणि वर पोरांचे मार्क कापायची. अशा बाईचा उजवा गुडघा बदलला आणि डॉक्टरांनी सांगितलं, तीन महिने सबुरीने घ्या. तिला ते पटेचना. "नवो गुडघो ना? मगे जुन्यापेक्षा बेगीन चालूक होयो."

व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. गुडघा किती अंशात वाकला ते मोजून ती आकडा सांगे, आणि आते तो आकडा मार्क समजे. पंच्याऐंशी ऐकल्यावर शाळेतली शुद्ध मराठी काढून तिने त्या मुलीला विचारलं होतं, "पंधरा कुठे कापलेस ते दाखव." गुडघ्याशीही ती शुद्धच बोले, कारण मालवणी घरच्या माणसांसाठी आणि हा अजून घरचा झाला नव्हता. वॉकरच्या एका दांडीला पिशवी, दुसरीला केरसुणी बांधून ती अंगणभर फिरे. बसायला सांगितलं की खुर्चीत बसल्या बसल्या पाय हलवी. तिला शंभर हवे होते. एसटीची पहिली पायरी चढायला तेवढे लागतात, हे तिने त्या मुलीकडून वदवून घेतलं होतं. शिरोड्याला तिची धाकटी बहीण राहते. दर महिन्याला आते एकटी तिकडे जायची. मी गाडीने सोडतो म्हटलं, तर म्हणाली, "मी काय पार्सल आसंय?"

सहाव्या आठवड्यात पंच्याण्णव झाले. त्या रविवारी मी कुडाळहून आलो होतो. आता जे लिहितोय ते मी घरात आजवर एक माणूस सोडून कुणाला सांगितलेलं नाही. रात्री जेवताना माशाच्या कढीचा घास घेऊन मी म्हणालो, मिक्सरच्या खोबऱ्याला खवलेल्याची चव नाही. एवढंच. आतेने माझं वाक्य पूर्ण होऊ दिलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सकाळी मी पडवीत पेपर वाचत होतो आणि आतून आडाळ्यावर नारळ खवल्याचा आवाज यायला लागला. आडाळो म्हणजे आमची विळी. जमिनीवर, तिच्या पाटावर, गुडघा पोटाशी घेऊन बसायचं; आणि जमिनीवर बसायला तर डॉक्टरांनी साफ मनाई केली होती. खवणारी कोण हे मला समजलं. उठावं असं वाटलंही. पण तोंडाला पाणी सुटलं होतं, हे खरं. मी उठलो नाही. अर्धी वाटी खवून होईल एवढ्या वेळाने आवाज थांबला, आणि तिने मला हाक मारली.

तिला उठता येत नव्हतं. टाक्यांची जागा उघडली होती. पुन्हा इस्पितळ, पुन्हा पाय पट्ट्यांत जखडलेला. डॉक्टर तिच्यावर भडकले. ती म्हणाली, न्हाणीत पाय घसरला. मी शेजारी उभा राहून मान हलवली. पट्ट्या सुटल्यावर गुडघा साठावर आला होता. तिथून महिनोन् महिने रेटून अठ्ठ्याऐंशीवर पोचला आणि तिथेच अडला. आता बहीणच शिरोड्याहून इकडे येते. आते खिडकीशी बसून तिची वाट बघते आणि आली की उशिराबद्दल ओरडते.

आठ महिन्यांनी, गेल्या पंधरवड्यात, तिचा व्यायाम घ्यायला मीच बसलो होतो. टाच धरून दाबता दाबता म्हणालो, आते, त्या दिवशी मी आवाज ऐकला होता.

"माका ठावक आसा," ती म्हणाली. "तुझ्या पेपराचो आवाज बंद झालो, तेव्हाच कळला."

मग सगळ्यांसमोर का नाही बोललीस, मी विचारलं.

"तू कधी सांगतलंस, ह्याची वाट बघी होतंय." तिने पाय माझ्याकडे थोडा आणखी सरकवला. "धर नीट, झिला."