मीटरकाकांचं उजेडाचं गणित

ज्यानं चौतीस वर्षं दारोदार फिरून विजेची मीटरं वाचली, त्या माणसाला लोक मीटरकाका म्हणणार नाहीत तर काय! नोकरीत त्यांचा एक आकडा कधी चुकला नाही. घरात मात्र बायकोच्या जिवाला नुसता घोर. काकू स्वयंपाकघरातून बाहेर पडल्या की हे मागोमाग जाऊन दिवा बंद करणार आणि वर ऐकवणार, "वीज काय नळाला येते?" आधी काकूंच्या हातालाच बाहेर पडताना दिवा बंद करायची सवय लागली, शेवटी त्यांनी दिवे लावणंच सोडलं.

घर तळमजल्यावर, मागच्या बाजूला. खिडकीसमोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत, त्यामुळे भर दुपारीही आत अंधार. त्यात काकूंना मोतीबिंदू झाला. परवा कपात ओतायचा चहा त्यांनी स्वतःच्या हातावर ओतला. पट्टी बांधता बांधता डॉक्टरीणबाईंनी काकांनाच झापलं, "ऑपरेशनचा नंबर चार महिन्यांनी आहे. तोवर घरात सगळीकडे उजेड ठेवा. पडल्या-झडल्या तर कायमच्या अंथरुणाला खिळतील."

घरी येताच काका कागद-पेन्सिल घेऊन बसले. बघा आता! बायकोचा हात भाजलाय आणि हे गुणाकार करताहेत. साठ वॉटचे तीन दिवे, रोज बारा तास, तीस दिवस. झाले पासष्ट युनिट! "अगं, बिल जवळजवळ दुप्पट होईल," ते म्हणाले.

"राहू द्या हो," काकू म्हणाल्या. "मला सवय झालीय. भिंत धरून चालते मी."

ते 'भिंत धरून' काकांच्या काळजाला लागलं. होऊ दे खर्च, असं त्यांनी ठरवलं. पण जित्याची खोड, आकडा पक्का हवा! सकाळी त्यांनी फ्रिज, पंखे सगळं बंद केलं, फक्त तीन दिवे चालू ठेवले आणि घड्याळ घेऊन मीटरसमोर उभे राहिले. जितकी वीज जास्त तितका मीटरवरचा लाल ठिपका भराभर लुकलुकतो; साठ वॉटच्या हिशेबानं तो मिनिटाला दहा वेळा लुकलुकायला हवा होता. लुकलुकला एकदा.

"मीटर मेलं की काय?" त्यांनी इस्त्री लावून पाहिली. ठिपका पिसाटासारखा उडायला लागला. म्हणजे मीटर ठणठणीत होतं.

मग त्यांनी कपाटातून दिव्याचं खोकं काढलं. खोकी टाकणाऱ्यांतले ते नव्हेतच. चष्मा लावून दाराशी नेलं. वर ठळक छापलं होतं, साठ वॉटच्या जुन्या बल्बइतका उजेड. खाली मुंगीएवढ्या अक्षरात, नऊ वॉट.

पासष्ट कसले, महिन्याला जेमतेम दहा युनिट! डोक्यावरचे चार केस कापायला न्हावी एवढ्या विजेच्या बिलाहून जास्त घेत होता. काका उंबऱ्यावर बसले. "सहा वर्षं झाली हे दिवे आणून," ते म्हणाले. "सहा वर्षं मी तुला फुकट अंधारात ठेवलं गं."

"बरं, आता पेटलेत ना," काकू म्हणाल्या. "चहा टाकते."

त्या दिवशी चहा बरोब्बर कपात पडला. कप घेऊन काकू बाहेर आल्या, आणि येता येता त्यांचा पट्टी बांधलेला हात आपोआप भिंतीकडे गेला. खट्. स्वयंपाकघरात काळोख.

"अगं, आता कशाला बंद केलास?"

काकूंनी हाताकडे पाहिलं. "मी कुठे केला हो? हातानंच केला."

काकांनी काकूंच्या हातातला कप घेऊन खाली ठेवला, उठले आणि दिवा लावला. संध्याकाळपर्यंत ते असे अकरा वेळा उठले, आणि एकदाही काही बोलले नाहीत.