बायकोच्या नावावर आणलेल्या नाताळच्या गोष्टी

वयाच्या चौतिसाव्या वर्षी मी नाताळच्या प्रेमकथा वाचायला लागलो, आणि पहिल्याच दिवशी त्यासाठी खोटं बोललो.

त्याआधी अकरा वर्षं मी भोसरीच्या एका कारखान्यात सुट्या भागांची ड्रॉइंग्ज तपासत होतो. मग सगळेच कॉम्प्युटरकडे धावायला लागले, तसा मीही संध्याकाळचा कोर्स केला आणि एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. काम जमत होतं. जमत नव्हतं ते इंग्रजी. परदेशातल्या लोकांशी फोनवर बोलायची वेळ आली, की माझी वाक्यं क्रियापदापर्यंत पोचायचीच नाहीत. माझा टीम लीडर माझ्याहून नऊ वर्षांनी लहान होता. त्याने एकदा मला बाजूला घेतलं आणि अतिशय सभ्यपणे सांगितलं, "सर, तुम्ही काहीतरी इझी फिक्शन वाचत जा. फ्लो येईल."

कर्वेनगरात आमच्या घरापासून पाच मिनिटांवर एक खाजगी वाचनालय होतं. एका लांबट गाळ्यात दोन्ही भिंतींना मांडण्या आणि दाराशी टेबल टाकून बसलेले मालक. ते कमी बोलत आणि जे बोलत ते लागायचं. मी इंग्रजी कपाटाकडे गेलो. डिसेंबर होता. वरच्याच फळीवर एक जाडसर पुस्तक होतं. मुखपृष्ठावर बर्फ, लाकडी घर, खिडकीत दिवा, आणि एकमेकांच्या अगदी जवळ उभे असलेले एक पुरुष आणि एक बाई. आत नाताळच्या सात प्रेमकथा. भाषा सोपी दिसली, म्हणून मी ते टेबलावर नेऊन ठेवलं.

मालकांनी मुखपृष्ठ पाहिलं. मग मला पाहिलं.

"मिसेससाठी," मी म्हणालो. त्यांनी काही विचारलंही नव्हतं.

"बाईंच्या नावावर लिहू?"

"हो."

माझी बायको कसबा पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवत असे. तिचं वाचन दांडगं होतं. तिने नववीच्या मुलींना एखादी कविता शिकवली, की मुली मधल्या सुट्टीतही तिच्याभोवती घोटाळत असत. वाचनालयात तिलाच सगळे ओळखत. मी म्हणजे पुस्तकं ने-आण करणारा. अशा बाईच्या कार्डावर मी बर्फातलं ते जोडपं चढवलं.

पहिली गोष्ट ऑफिसात वाचली. नाताळाच्या आसपास तिकडचे लोक सुट्टीवर असत आणि आम्हाला दुपारभर काम नसे. पुस्तकाला मी वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. गोष्टीत एका बेकरीवालीकडे बर्फात अडकलेला एक डॉक्टर येतो. सुरुवातीला भांडणं, मधे गैरसमज, आणि शेवटी नाताळच्या सकाळी तो दारात उभा राहून तिला सांगतो, की तुझ्याशिवाय मला हे घर घर वाटत नाही. पुढे काय होणार ते तिसऱ्या पानावरच कळलं होतं. तरी ते वाक्य आलं तेव्हा माझे डोळे भरून आले. मी बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

इंग्रजी सुधारलं, हे खरं. पण पुढच्या डिसेंबरात मी इंग्रजीसाठी वाचत नव्हतो. दिवाळी झाली की मी वाट बघायला लागायचो. चार वर्षांत मी अशी वीसेक पुस्तकं वाचली असतील, सगळी तिच्या नावावर. ती घरी कधी दिसलीच नाहीत. बॅगेतून ऑफिसात आणि ऑफिसातून परत वाचनालयात. आमचं लग्न पत्रिका बघून झालेलं. तोवर आठ वर्षं झाली होती. घरात भांडण नव्हतं. ती मला डबा द्यायची, मी "येतो" म्हणायचो. एवढ्या वर्षांत तिला मी कधी काही म्हटलं होतं का, हे आठवायला गेलो तर "भाजी छान झाली" हेच आठवायचं. आणि जगातल्या कुठल्यातरी बर्फाळ गावातल्या खोट्या माणसांसाठी मी बाथरूममध्ये जाऊन रडत होतो.

पाचव्या वर्षी शाळेच्या एका माजी विद्यार्थिनीने ग्रंथालयासाठी मोठी देणगी दिली. मुलींसाठी नवी पुस्तकं निवडायची होती आणि ते काम बायकोकडे येणार हे जवळजवळ ठरलेलं होतं. ती महिनाभर यादी करत होती. उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या पाठींवर, किराणाच्या कागदावर, जिथे सुचेल तिथे नावं लिहून ठेवायची. जेवताना मधेच उठून एखादं नाव टिपून यायची. तिला इतकं खुशीत मी क्वचितच पाहिलं होतं.

डिसेंबरातल्या एका शनिवारी तिच्या मुख्याध्यापिका आमच्या भागात आल्या होत्या. ती त्यांना वाचनालय दाखवायला घेऊन गेली. मुलींना झेपतील अशी पुस्तकं प्रत्यक्ष बघावीत, असा बेत होता. पुस्तकं उतरवायला, धरायला म्हणून मीही सोबत गेलो. मी मागच्या मांडणीपाशी उभा होतो, हातात पाच-सहा पुस्तकं होती. त्या दोघी टेबलापाशी आल्या.

मालक म्हणाले, "बाई, बरं झालं आज तुम्हीच आलात. तुमचा नाताळचा गठ्ठा काढून ठेवलाय. यंदा चार आलीत."

आणि त्यांनी टेबलाखालून चार पुस्तकं काढून तिच्यासमोर ठेवली. वरच्या पुस्तकावर एक बाई लाल मफलर घालून एका पुरुषाच्या गळ्यात पडलेली होती.

बायको नुसती बघत राहिली. "माझा?" ती म्हणाली.

"चार वर्षं तुमच्याच नावावर जातात. यजमान नेतात."

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. आमच्यात दहा-बारा पावलांचं अंतर असेल. मला सगळं ऐकू आलं होतं आणि ते तिला कळलं होतं. "ती माझी आहेत" एवढंच म्हणायचं होतं. चार शब्दही नाहीत. मी हातातल्या पुस्तकांच्या पाठी वाचायला लागलो.

मुख्याध्यापिकांनी वरचं पुस्तक दोन बोटांनी उचललं. "अगंबाई! तुम्ही हे वाचता?"

क्षणभर कुणीच बोललं नाही. मग बायकोचा आवाज आला, वर्गात असतो तसा स्वच्छ.

"हो. डिसेंबरात."

मुख्याध्यापिका हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या. "असतो एकेकाला छंद," त्या म्हणाल्या आणि पुस्तक खाली ठेवलं.

बायकोने ती चारही पुस्तकं पिशवीत घातली.

परत येताना ती स्कूटरवर मागे बसली. नेहमी माझ्या खांद्यावर असणारा तिचा हात त्या दिवशी मागच्या स्टेपनीवर होता. घरी आल्यावर तिने पुस्तकं जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली.

"चहा टाकते. तुम्ही वाचत बसा."

"अगं, ऐक तरी—"

"ऐकतेय की."

मी म्हणालो, "तू का नाही सांगितलंस, की तुझी नाहीत म्हणून?"

ती ओट्याशी पाठमोरी उभी होती. "सांगितलं असतं तर तुम्ही खोटे पडला असतात. चारचौघांत." आधणात साखर घालत म्हणाली, "मला वाटलं, तुम्हीच सांगाल. मी थांबले होते."

ते थांबणं मीही पाहिलं होतं.

चहा झाल्यावर तिने त्यातलं एक पुस्तक उचललं, चाळलं. "असल्यातली एखादी सांगा मला. वाचून नको, सांगा. बघू दे तरी, माझ्या नावावर काय आलं."

मी बेकरीवाली आणि डॉक्टरची गोष्ट सांगायला घेतली. बर्फ पडला इथवर ठीक चाललं. पण डॉक्टर दारात येऊन बोलायला लागला आणि माझी जीभ अडली. इंग्रजीत जे वाचून रडलो होतो ते मराठीत तिच्या तोंडावर म्हणता येईना. "मग तो म्हणाला... म्हणजे तिला सांगतो... त्याचं असं म्हणणं पडलं की घर वगैरे..."

"असं म्हणणं पडलं!" ती हसली. तेवढंच काय ते तिचं त्या दिवशीचं हसू. मग गंभीर होऊन म्हणाली, "हे सगळं तुम्हाला आवडतं, हे मला आठ-नऊ वर्षांत कधी कळलंच नाही."

मी टेबलावरची पुस्तकं एकावर एक रचायला लागलो.

पुढच्या आठवड्यात शाळेत गोष्ट पसरली. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी तिच्या टेबलावर कापसाचा बर्फ पसरून ठेवला. कुणी विचारलं, "बाई, यंदा डॉक्टर की जमीनदार?" तिने हसून घेतलं. पण शुक्रवारी मुख्याध्यापिकांनी पुस्तकनिवडीचं काम इतिहासाच्या बाईंकडे दिलं. हिला म्हणाल्या, "तुम्ही त्यांना मदत करा हं." हिची यादी त्यांनी मागून घेतली. घरी येऊन तिने मला हे भाजी निवडता निवडता सांगितलं, बाजारात मेथी कशी होती हे सांगावं तसं.

तिला न सांगता मी ठरवलं, की आपण मुख्याध्यापिकांना सांगायचं. शाळेचं स्नेहसंमेलन महिनाअखेरीला होतं. मी ऑफिसात आरशासमोर उभं राहून वाक्य पाठ केलं. नाटुकली, नाच, बक्षिसं झाली. पटांगणात कॉफी चालली होती, आजूबाजूला सात-आठ शिक्षिका होत्या, बायको थोड्या अंतरावर मुलींच्या वेण्यांतले गजरे सोडवत होती. मी सरळ मुख्याध्यापिकांसमोर जाऊन उभा राहिलो.

"मॅडम, ती नाताळची पुस्तकं माझी आहेत. मी वाचतो. हिच्या नावावर मी आणायचो. हिने त्यातलं एकही वाचलेलं नाही."

वाक्य पुरं झालं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"किती करता हो बायकोसाठी!" त्या म्हणाल्या. मग बाकीच्यांकडे वळून, "बघा, असे यजमान मिळायला भाग्य लागतं. बायकोला कुणी हसलं तर आळ स्वतःवर घेतायत."

"नाही नाही, खरंच माझी—"

"कळलं हो," इतिहासाच्या बाई म्हणाल्या. "आता आम्ही नाही चिडवणार तिला."

सगळ्या कौतुकाने हसल्या. कुणीतरी माझ्या हातात दुसरी कॉफी दिली. सॉफ्टवेअरमधला, मिशी असलेला, चाळिशीला टेकलेला माणूस लाल मफलरवाल्या बाईच्या गोष्टी वाचतो, हे त्यांच्यापैकी एकीच्याही डोक्यात शिरलं नाही. मी जितकं सांगितलं तितका मी मोठा होत गेलो आणि ती तितकी लहान. मी कॉफी घेऊन तिथेच उभा. आणि अर्धा क्षण, हे लिहायलाही नको वाटतं, मला त्या कौतुकाने बरंसुद्धा वाटलं.

मी पाहिलं तर बायको गजरा हातात धरून उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

घरी निघताना मी म्हणालो, "मी सोमवारी परत येतो शाळेत. त्यांच्या केबिनमध्ये बसून नीट सांगतो."

"नको. आता पुरे." ती स्कूटरवर बसली. "पुस्तकं माझ्या नावावर, मोठेपणा तुमच्या नावावर. परत गेलात तर तुमचा सत्कार करतील."

सोमवारी मी शाळेऐवजी वाचनालयात गेलो. मालकांना म्हणालो, "माझं वेगळं कार्ड करा. ती पुस्तकं मी वाचतो. बाई नाही."

त्यांनी वर न बघता कोरं कार्ड काढलं. "ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या वर्षापासून. बाईंनी वाचलेली पुस्तकं हळद लागून येतात. तुमच्या पुस्तकांत ऑफिसला जायच्या बसची तिकिटं निघायची."

"मग त्या दिवशी मुख्याध्यापिकांसमोर का बोललात?"

आता त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मुख्याध्यापिका आहेत हे मला काय माहीत? कुणी मैत्रीण असेल वाटलं. तुम्ही मागेच उभे होतात. म्हटलं, बघू, काय करतात." कार्डावर नाव घालून त्यांनी ते माझ्यापुढे सरकवलं. "बघितलं."

मी कार्ड खिशात घालून बाहेर पडलो. त्या वर्षी मी त्या चारातलं एकही पुस्तक वाचलं नाही.

शाळेत नवी पुस्तकं आली. बरीचशी बायकोच्या यादीतलीच होती, पण आतल्या पानावर निवड करणाऱ्या म्हणून इतिहासाच्या बाईंचं नाव छापलं गेलं. ती शाळा सोडेपर्यंत पुस्तकं निवडायचं काम तिच्याकडे परत आलं नाही. तिनेही मागितलं नाही. नव्याने लागलेल्या शिक्षिकांनाही कुणीतरी ती कापसाची गंमत सांगायचंच, आणि त्या मुली पहिल्या डिसेंबरात तिच्याकडे बघून गालात हसायच्या.

मी पुढे वाचत राहिलो, बाहेरच्या खोलीत, कव्हर न घालता. ती कधी विचारायची, "यंदा कोण अडकलंय बर्फात?" मी सांगायचो. दारात उभं राहून बोलायची वेळ आली, की अजूनही "त्याचं असं म्हणणं पडलं" यावरच गाडी जाते.

गेल्या वर्षी शेंगा सोलत बसलो असताना मी तिला विचारलं, "तुला अजून राग आहे का गं माझा?"

"राग कसला," ती म्हणाली. "पण विसरलेही नाहीये." आणि माझ्यापुढची शेंगांची परात तिने स्वतःकडे ओढून घेतली, कारण मी दाण्यांबरोबर टरफलंही टाकत होतो.